बाईंची गार न्याहारी

"ब्लूबेरी मिळाल्या नाहीत तर रास्पबेरी चालतील," मेधा म्हणाली आणि मी मान डोलावली. सांगलीत आमच्या विश्रामबागेच्या कोपऱ्यावर फळांची जी गाडी लागायची, तिच्यावर त्या दिवशी केळी, पपई, चिकू आणि द्राक्षं होती. रास्पबेरी बहुधा सकाळीच संपल्या असाव्यात.

मेधा माझी नणंद. ती न्यू जर्सीत राहते आणि तिथून आईची सेवा करते. त्या वर्षी बाईंना गालाचा कॅन्सर झाल्यापासून दर रविवारी ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर यायची, आधी डोळे पुसायची आणि मग मी काय काय करायला हवं ते सांगायची. त्या रविवारचा धडा होता फ्रोझन योगर्ट. तिनं पडद्यासमोर एक ट्रे धरला. घट्ट दही पसरायचं, वर फळं आणि भाजलेले ओट्स पेरायचे, फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि सकाळी तुकडे मोडून न्याहारीला द्यायचे. तोंडाला गार, पोटाला हलकं. तिकडे सगळे हेच खातात म्हणे. मी म्हटलं, म्हणजे आपलं श्रीखंडच की, साखर घालायला आणि फ्रीजरमधून काढायला विसरलेलं. मेधाला ते आवडलं नाही.

"आईला किती फ्रेश वाटेल बघ," ती म्हणाली.

माझ्या शेजारच्या खुर्चीत बाई बसल्या होत्या. तोंडात फोड असल्यामुळे त्या बोलत नव्हत्या. मांडीवरच्या वहीत त्यांनी काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवलं. 'फ्रेश नव्हे, ताजंतवानं.'

कमलिनी देशिंगकर चोवीस वर्षं मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. गाव त्यांना बाई म्हणायचं, म्हणून त्यांची मुलंही बाई म्हणायची, आणि लग्न होऊन आल्यावर मीही म्हणू लागले. सासूबाई म्हणण्यात जी काही जवळीक असते, तेवढीसुद्धा आमच्या घरात कुणाला परवडत नव्हती. व्यसनाच्या दुष्परिणामांवर त्यांनी शाळेत दरवर्षी भाषण केलं. आणि दरवर्षी, दररोज, पहाटे साडेपाचला न्हाणीघराचं दार लावून त्यांनी मिश्री लावली. पंचेचाळीस वर्षं. त्या जळक्या तंबाखूचा वास दाराच्या फटीतून सगळ्या घरात यायचा आणि सगळं घर त्याला उदबत्तीचा वास समजायचं. गालात आतून चट्टा आला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू वगैरे? माझा नवरा श्रीरंग म्हणाला, "छे, आमच्या बाई म्हणजे..." आणि बाई छताकडे बघत राहिल्या.

ऑपरेशन झालं. मग मिरजेच्या एका दवाखान्यात विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाले, रोज एक याप्रमाणे तीस. पहिले दहा त्यांनी शाळा तपासणीला आल्यासारखे घेतले. खुर्च्या नीट मांडलेल्या नाहीत, नर्सच्या पाटीवर 'सुचना' ऱ्हस्व लिहिलंय, असं सगळं त्यांनी वहीत नोंदवलं. दहाव्यानंतर तोंड आतून सोलून निघालं. भात टोचायला लागला, वरण भाजायला लागलं, पाणीसुद्धा झोंबायला लागलं. वजन शेहेचाळीसवरून एकेचाळीसवर आलं.

डॉक्टर तरुण होते, मसूरकर नावाचे. त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, वजन एकोणचाळीसच्या खाली गेलं तर शेक थांबवावे लागतील आणि नाकातून नळी घालावी लागेल. शेक मध्येच थांबले तर आजाराला परत डोकं वर काढायला जागा मिळते. नळी एकदा घातली की निदान दोन-तीन महिने. दिवसातून सहा वेळा, पातळ करून, सिरिंजनं. "घरी कोण करेल?" त्यांनी विचारलं आणि मग माझ्याकडे बघून स्वतःच वहीत काहीतरी लिहून घेतलं. विचारलं ते केवळ सभ्यपणा म्हणून.

श्रीरंग विमा कंपनीत विकास अधिकारी होता. त्या दिवसांत त्याचा मार्च एंड चालला होता, जो एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालायचा. आईवर त्याचं फार प्रेम होतं. रोज संध्याकाळी दारातूनच तो विचारायचा, "बाईंनी काही खाल्लं का?" आणि नाही म्हटलं की त्याचा चेहरा इतका उतरायचा की मलाच त्याची समजूत घालावी लागायची. एकदा त्यानं बाईंसाठी शहाळं आणलं. त्या आठवड्यात त्यानं ते शहाळं भेटेल त्याला सांगितलं.

आता माझ्याबद्दल. मी सरकारच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत होते. मातीत काय आहे आणि काय कमी पडतंय हे शेतकऱ्याला कागदावर लिहून द्यायचं काम. सहा वर्षांपूर्वी मला बढती मिळाली होती, बुलढाण्याला. तेव्हा जेवणाच्या टेबलावर पंधरा मिनिटांत निर्णय झाला. मी वाढत होते, त्यामुळे निर्णयात भाग घ्यायला मला तसा वेळ नव्हता. 'कौटुंबिक कारणास्तव बढती नाकारत आहे' या पत्राचा मसुदा बाईंनी केला. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

जानेवारीत मला पुन्हा बढतीचा आदेश आला, नांदेडला. या वेळी तो मी घरी नेलाच नाही, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. होकार कळवला, तिथल्या एका घराची वरची खोली फोनवरून ठरवली. ती खोली एका माणसापुरती होती. श्रीरंगला काय आणि कसं सांगायचं ते मी ठरवत होते, तेवढ्यात बाईंच्या गालातला चट्टा निघाला. मी मुदत वाढवून मागितली. तीस एप्रिलपर्यंत मिळाली. त्यानंतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती. कॅन्सर झालेल्या सासूला टाकून गेलेली बाई म्हणून सांगलीत नाव काढायची माझी तयारी नव्हती. मी काही तेवढी शूर नव्हे. म्हणून माझं गणित साधं होतं. शेक वेळेत संपले पाहिजेत आणि नळी लागता कामा नये. बाईंच्या वजनावर त्यांच्या डॉक्टरांइतकंच माझंही लक्ष होतं, आणि त्यामागे प्रेम होतं असं मी आजही म्हणणार नाही.

तर मी फ्रोझन योगर्ट करायला घेतलं.

पहिल्या दिवशी मेधानं सांगितलं तसं केलं. घरचं दही, वर द्राक्षं आणि डाळिंबाचे दाणे. सकाळी जे निघालं त्यानं फरशी बसवता आली असती. त्यात बर्फाचे खडे होते आणि फोडांनी भरलेल्या तोंडात ते काचेसारखे लागले असते. मी एक तुकडा चघळून पाहिला आणि उरलेला ट्रे मोरीत उलटा केला. बाई दारातून बघत होत्या. वहीत लिहिलं, 'फ्रीज हे शिळ्याचं कपाट आहे, हे मी एकोणीसशे ब्याऐंशी सालीच सांगितलं होतं.'

मग मी मेधाला सोडलं आणि माझ्या कामाची पद्धत धरली. बर्फ कशानं होतो? पाण्यानं. मग पाणीच काढायचं. म्हशीचं दूध आटवून विरजलं, आंबट व्हायच्या आत दही पंच्यात बांधलं आणि नळाला टांगलं. आठ तासांनी चक्का निघाला, लोण्यासारखा. आंबट आणि बिया असलेली फळं बाद. पिकलेलं केळं आणि चिकू, दोन्ही कुस्करून गाळणीतून काढलेली, कारण चिकूचा कणही टोचतो. चमचाभर साय, थोडी पिठीसाखर. सगळं फेटून स्टीलच्या पसरट डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवलं. दोन तासांनी अर्धवट गोठल्यावर बाहेर काढून पुन्हा फेटलं आणि परत ठेवलं. त्या काळी भारनियमन होतं, दुपारी तीन तास वीज जायची. मग मी डब्याभोवती मिठाचं पाणी गोठवलेल्या पिशव्या लावल्या. सहा दिवस मी प्रयोग केले आणि वेळ, प्रमाण, निकाल असं सगळं प्रयोगशाळेच्या जुन्या डायरीत लिहून ठेवलं. सातव्या दिवशी चमचा लावला तर तो आत गेला, वडी मोडली तर ती मोडली, आणि जिभेवर ठेवली तर काही न टोचता विरघळून गेली.

मी ती वाटी घेऊन सकाळी सात वाजता बाईंपुढे गेले. फार काही अपेक्षा नव्हती, पण एखादं 'बरं आहे' चाललं असतं.

बाईंनी वाटीकडे पाहिलं. लिहिलं, 'अंघोळ झाली नाही.'

अंघोळीनंतर लिहिलं, 'पूजा झाली नाही.'

पूजेनंतर लिहिलं, 'गार पदार्थ मी खात नाही.'

असे चार दिवस गेले. रोज वाटी भरायची, रोज ती विरघळायची, रोज ती मी उभ्याउभ्या ओट्यापाशी प्यायची. माझं वजन दीड किलोनं वाढलं. बाईंचं चाळीसवर आलं.

सतराव्या शेकाच्या दिवशी मला राग आवरला नाही. श्रीरंग निघून गेला होता. बाई खुर्चीत बसल्या होत्या, पेन हातात घेऊन, नवं कारण लिहायच्या तयारीत. मी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं. पंधरा वर्षांत त्यांच्या हातातून मी काही काढून घेण्याची ती पहिलीच वेळ.

"बाई, मी एकदाच सांगते," मी म्हटलं. "खाल्लं नाहीत तर नाकात नळी घालतील. ती मी भरायची आहे, दिवसातून सहा वेळा. तुमचा मुलगा नाही, मुलगी नाही, मी. आणि मला ते करायचं नाहीये. मला वेळ नाही. मला माझं काम आहे."

एवढ्या आजारी माणसाशी कुणी असं बोलत नाही. मग त्यांनी हात पुढे केला, पेन परत मागितलं. मी दिलं. त्यांनी ते वहीत ठेवून वही मिटली. रिक्षा आली, आम्ही मिरजेला जाऊन शेक घेऊन आलो, मी त्यांना घरी सोडलं आणि ऑफिसला गेले. दिवसभर मातीचे नमुने चाळताना मला स्वतःची लाज वाटत होती. आणि खरं सांगायचं तर जरा मोकळंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बाईंनी वाटी स्वतः मागितली. अंघोळीच्या आधी. पहिला चमचा तोंडात ठेवला तेव्हा त्यांचे डोळे मिटले आणि गालाचा स्नायू थरथरला. मला वाटलं थुंकणार. त्या थुंकल्या नाहीत. तो घोट गिळायला त्यांना पुरतं एक मिनिट लागलं. मग दुसरा. सगळी वाटी संपायला पाऊण तास लागला आणि तो पाऊण तास त्या घड्याळाकडे बघत होत्या, जसं काही परीक्षेचा पेपर चालू आहे. शेवटी लिहिलं, 'केळं कमी. पिवळी पपई चालेल का बघ. संध्याकाळी पुन्हा.'

मी खूश झाले. माझी कडक भाषा लागू पडली, माझा चक्का लागू पडला, असा मी निष्कर्ष काढला. सरकारी प्रयोगशाळेत पंधरा वर्षं काढलेल्या माणसानं एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, पण काढला. मेधा म्हणाली, बघ, मी सांगितलं होतं. श्रीरंगनं ऑफिसात सगळ्यांना सांगितलं की आम्ही बाईंना फ्रोझन योगर्ट देतो. 'आम्ही' हा शब्द त्याला फार आवडायचा.

त्यानंतर रोज दोन वाट्या, कधी तीन. चव त्यांना लागत नव्हती, शेकांमुळे जिभेची चव गेलीच होती. चिकू आणि पपई त्यांना सारखेच. नुसतं गार आणि दुखणारं काहीतरी त्या दिवसातून तीनदा गिळायच्या, औषधासारखं, एकही वेळ न चुकवता. कधी डोळ्यातून पाणी यायचं. ते पुसून वाटी पुढे करायच्या. वजन चाळीसवर थांबलं, मग साडेचाळीस झालं. मसूरकर डॉक्टर म्हणाले की असा पेशंट मी पाहिला नाही. बाईंनी त्यांना 'पेशंट नव्हे, रुग्ण' असं लिहून दाखवलं.

चोवीस एप्रिलला तिसावा शेक झाला. वजन एकेचाळीस. नळीचं नाव नाही. घरी आल्यावर मी त्यांना खुर्चीत बसवलं, पंखा लावला आणि पाणी आणायला वळले तर त्यांनी माझ्या साडीचा पदर धरला. वही उघडून माझ्यापुढे केली.

'नांदेडला कधी निघतेस?'

मी खाली बसले. विचारलं की तुम्हाला कोणी सांगितलं. त्यांनी लिहायला घेतलं, सावकाश, पूर्णविरामांसकट. सतराव्या शेकाच्या दिवशी, मी ऑफिसला गेल्यावर, घरच्या फोनवर नांदेडहून फोन आला होता. माझा नंबर लागत नव्हता म्हणून तिथल्या कारकुनानं अर्जावरचा घरचा नंबर लावला होता. त्याला एवढंच हवं होतं की मॅडम तीस तारखेपर्यंत येताहेत की नाव पुढच्याला द्यायचं.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

बाईंनी वही मिटली. त्या दिवसांत त्यांना एक शब्द बोलायचा म्हणजे तोंडात निखारा फिरवल्यासारखं व्हायचं.

"येणार," त्या म्हणाल्या. आवाज ओळखू येत नव्हता. "तेवढंच सांगितलं."

मग पुन्हा वही. तेरा शेक उरले होते, त्यांनी लिहिलं होतं. सुट्ट्या धरून चोवीस तारीख येत होती. म्हणजे हाताशी सहा दिवस. मध्ये खंड पडला असता तर वेळापत्रक कोलमडलं असतं. म्हणून खाल्लं. पदार्थ बरा होता, पण त्यासाठी नव्हे.

पंधरा वर्षं मी या बाईंच्या तोंडून एक बरा शब्द निघायची वाट पाहिली होती आणि तो निघाला तेव्हा एका कारकुनाला ऐकू गेला होता. मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायची सवय नसल्यामुळे मी भांडायला लागले. म्हटलं, मग सहा वर्षांपूर्वी? बुलढाण्याच्या वेळी तुम्हीच पत्र लिहून दिलंत ना?

त्यांनी पेन उचललं नाही. हे त्यांना बोलायचंच होतं. एकेक शब्द थांबून, अडखळत आला.

"तेव्हा तू इथं असणं सोयीचं होतं. मला." त्यांनी श्वास घेतला. "चूक म्हणत नाहीस तू. मी म्हणते."

यापेक्षा जास्त माफी बाईंनी आयुष्यात कुणाचीच मागितली नसावी. मी पाणी आणून दिलं. त्यांनी घोट घोट घेतलं. मग वहीत एक ओळ लिहून माझ्याकडे न बघता पुढे केली. 'नोकरीसाठीच जातेस, की घरातूनही?' मी म्हटलं, मला खरंच माहीत नाही. त्यांनी मान हलवली आणि ते पान फाडून चार तुकडे केले.

त्या संध्याकाळी श्रीरंगला आम्ही सांगितलं. म्हणजे मी आदेश टेबलावर ठेवला आणि त्यानं तो दोनदा वाचला. त्याला धक्का बसला. मग त्याला आठवलं की बाई आजारी आहेत. त्यांचं कोण करणार, असं तो मला विचारू लागला. बाईंनी वही त्याच्यापुढे टाकली. त्यात 'चक्का' असा मथळा होता आणि खाली माझ्या डायरीतली सगळी कृती त्यांनी वळणदार अक्षरात उतरवून काढली होती. दूध किती आटवायचं, पंचा कसा बांधायचा, दुसऱ्यांदा केव्हा फेटायचं. शेवटी लिहिलं होतं, 'गुरुवारपासून श्रीरंग.'

पुढचे तीन दिवस आमच्या स्वयंपाकघरात बेचाळीस वर्षांचा एक विकास अधिकारी चिकू सोलायला शिकला. पहिला चक्का त्यानं पंच्यासकट सिंकमध्ये पाडला. बाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, हसल्या नाहीत. दुसरा बरा झाला. तिसऱ्यात साय घालायला विसरला, तरी बाईंनी तो गिळला. कितीही दगड झालेला असला तरी त्याच्यासमोर त्या वाटी संपवायच्या.

आता मी नांदेडहून लातूरला आलेय आणि पुढच्या वर्षी निवृत्त होईन. श्रीरंगनं आणि मी कागदावर काही केलं नाही; तो सांगलीत, मी इथे, दिवाळीला एकमेकांकडे जातो आणि चार दिवस फार सभ्यपणे वागतो. बाई त्यानंतर पाच वर्षं जगल्या. त्या पाच वर्षांत त्यांनी मिश्री लावली नाही आणि मला फोनही केला नाही, फक्त दर महिन्याला एक कार्ड यायचं, खुशालीचं, दोन ओळींचं. माझ्या उत्तरातल्या चुका त्या पुढच्या कार्डात कळवायच्या.

अठ्ठावीस एप्रिलला सकाळी मी निघाले. श्रीरंगनं बॅग रिक्षात ठेवली, पट्टा दोनदा घट्ट केला आणि मग तसाच रिक्षाच्या दांडीला धरून उभा राहिला. डॉक्टरांनी बाईंना महिनाभर बोलायला बंदी केली होती. तरी त्या फाटकापर्यंत चालत आल्या, स्कार्फ गालावरून घट्ट गुंडाळून.

"परत कधी येशील?" श्रीरंगनं विचारलं.

मी काही म्हणायच्या आत बाईंनी त्याचा हात दांडीवरून सोडवला.

"आधी जाऊ तर दे तिला," त्या म्हणाल्या.